उंची वाढवावी की केबल बदलावी? गच्चीवरच्या अँटेनाचा डीबीत मांडलेला हिशेब

अँटेना आणखी सहा मीटर वर नेला तर केबलही सहा मीटरने वाढणार. मग वर कमावलेलं सगळं खाली येता येता केबलमध्येच जिरणार नाही का? नवा परवाना हातात पडलेला जवळपास प्रत्येक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, हा प्रश्न विचारतो आणि बहुतेकांना उत्तर मिळतं, 'उंची हीच खरी'. ते अर्धंच खरं आहे. काही ठिकाणी उंचीवर केलेला खर्च खरोखर वाया जातो, तर काही ठिकाणी महागडी केबल घेऊन अँटेना मात्र कठड्याच्या आडोशाला ठेवलेला असतो. आपण कुठे मोडतो हे ठरवायला एक भागाकार पुरतो.

भागाकार कुठून येतो

दोन मीटर (१४५ मेगाहर्ट्झ) आणि ७० सेंटीमीटर (४३५ मेगाहर्ट्झ) बँडवर सपाट मुलुखात दूरच्या स्टेशनशी बोलताना सिग्नल दोन वाटांनी पोचतो. एक थेट, दुसरा जमिनीवरून परावर्तित होऊन. परावर्तनात फेज उलटतो, त्यामुळे या दोन लहरी एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून टाकतात. अँटेना जितका उंच, तितका दोन्ही वाटांच्या लांबीतला फरक वाढतो आणि ही खोडाखोड कमी होते. हिशेबात ते असं उतरतं: उंची दुप्पट केली की सिग्नल ६ डीबीने वाढतो. (डीबी, म्हणजे डेसिबल, हे ताकदीच्या पटीचं माप: ३ डीबी म्हणजे दुप्पट किंवा निम्मी, १० डीबी म्हणजे दहापट.) सूत्र सोपं आहे, २० गुणिले लॉग (नवी उंची भागिले जुनी उंची).

'दुप्पट' या शब्दाकडे लक्ष द्या. ३ मीटरवरून ६ मीटरवर गेलात तर ६ डीबी मिळतात. तेच ६ डीबी १५ मीटरवरून हवे असतील तर ३० मीटर गाठावे लागतात. म्हणजे प्रत्येक पुढचा मीटर आधीच्या मीटरपेक्षा कमी देतो. किती? ८.७ ला सध्याच्या उंचीने भागा, तेवढे डीबी. १० मीटर उंचीवर पुढचा मीटर ०.८७ डीबी देतो, २० मीटरवर ०.४३ डीबी.

केबल मात्र प्रत्येक मीटरला तेवढंच खाते. तेव्हा तुमच्या केबलचा मीटरमागचा लॉस (वाटेत जिरणारे डीबी) घ्या आणि ८.७ ला त्याने भागा. येणारं उत्तर ही त्या केबलची 'फायद्याची हद्द'. त्या उंचीच्या खाली असाल तर वर जाण्यात निव्वळ नफा आहे. त्याच्या वर असाल तर प्रत्येक नवा मीटर तोट्याचा.

१०० मीटरमागे लॉसचे ढोबळ आकडे असे आहेत. चांगल्या प्रतीच्या केबलसाठी ते डोळे झाकून वापरता येतील.

१४५ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ चे २० डीबी, आरजी-२१३ चे ९, एलएमआर-४०० चे ५ आणि अर्धा इंची हेलिॲक्सचे पावणेतीन.

४३५ मेगाहर्ट्झवर याच क्रमाने ३५, १७, ९ आणि ५. वारंवारता तिप्पट झाली की लॉस साधारण पावणेदोनपट होतो. तो वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, आणि डायइलेक्ट्रिकचा (मधल्या तारेभोवतीच्या प्लॅस्टिकच्या भरावाचा) वाटा वर थोडी भर घालतो.

आता भागाकार करा. दोन मीटर बँडवर आरजी-५८ ची हद्द ४३ मीटर येते, आरजी-२१३ ची ९७ मीटर, एलएमआर-४०० ची पावणेदोनशेच्या आसपास. ४३५ मेगाहर्ट्झवर आरजी-५८ ची हद्द २५ मीटरवर येऊन ठेपते आणि आरजी-२१३ ची ५१ मीटरवर. आपल्याकडे घरगुती मास्टवर (अँटेनाच्या खांबावर) कोणी ५० मीटर जात नाही. त्यामुळे बरी केबल असेल तर उंची जवळजवळ नेहमीच जिंकते. पण 'जिंकते' म्हणजे 'आधी तिच्यावरच पैसे घाला' असं नाही.

दोन घरं, दोन निर्णय

एक बैठं घर घ्या. पत्र्याच्या कडेला पाइप लावून दोन मीटर बँडचा व्हर्टिकल (उभा अँटेना) ४ मीटरवर आहे. तो १२ मीटरवर नेला तर उंचीतून ९.५ डीबी मिळतात. वाढीव ८ मीटर आरजी-२१३ चा खर्च ०.७ डीबी. निव्वळ जवळपास ९ डीबी, म्हणजे ५ वॅटच्या हँडीने (हातात धरायच्या सेटने) ४० वॅटचं काम. इथे केबलचा विचार मागे ठेवा आणि मास्ट उभा करा.

आता चार मजली सोसायटी घ्या. गच्ची जमिनीपासून १५ मीटरवर, रिग (रेडिओ संच) दुसऱ्या मजल्यावर. तीन मीटरच्या पाइपवर अँटेना १८ मीटरला आहे आणि खाली २० मीटर आरजी-५८ येते. या २० मीटरमध्ये ४ डीबी जातात. रिग ५० वॅट देते आणि अँटेनापर्यंत २० वॅट पोचतात. उरलेले ३० वॅट केबल गरम करण्यात जातात. इथे नऊ मीटरचा मास्ट उभारून अँटेना २४ मीटरवर नेला तर उंचीचे २.५ डीबी मिळतात, वाढीव ६ मीटर आरजी-५८ त्यातले १.२ घेते, हाती राहतात १.३ डीबी. त्याऐवजी मास्टला हातही न लावता फक्त केबल एलएमआर-४०० केली तर ४ डीबीचा लॉस १ डीबीवर येतो. हा ३ डीबीचा थेट नफा, तोही ताणाच्या तारा न बांधता, वाऱ्याची भीती न बाळगता. या घरात आधी केबल.

याच सोसायटीत ७० सेंटीमीटरवर आरजी-५८ चे २० मीटर ७ डीबी खातात, म्हणजे पाचातला एकच वॅट वर पोचतो. ७० सेंटीमीटरवर काम करायचं असेल आणि केबल १० मीटरहून लांब असेल तर आरजी-५८ चा विचार मनातून काढून टाका.

या गणिताला दोन अपवाद आहेत आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. पहिला: उंचीचा ६ डीबीचा नियम मोकळ्या सपाटीसाठी आहे. आजूबाजूच्या इमारतींच्या गच्च्या तुमच्याइतक्याच उंच असतील तर खरी उंची जमिनीपासून नव्हे, त्या गच्च्यांपासून मोजायला हवी. तेव्हा १८ वरून २४ मीटरवर जाण्याचा फायदा २.५ डीबीहून जास्त निघेल. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, सोलर हीटरचे पत्रे यांच्या वर डोकं काढणं हे तर गणिताच्याही आधी येतं. अँटेनाच्या पातळीवर डोळे नेऊन चारी बाजूंना पाहा. कोणत्या दिशेला काय आडवं येतं ते कागदावर लिहा. दुसरा अपवाद: रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं स्टेशन) उंच डोंगरावर असेल आणि खिडकीतून डोंगरमाथा दिसत असेल, तर उंची वाढवून त्या रिपीटरसाठी फारसं काही मिळत नाही. वाट आधीच मोकळी आहे. उलट कोकणात डोंगराच्या कुशीत घर असेल तर सहा मीटर वर जाण्यापेक्षा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला सरकण्याने जास्त फरक पडू शकतो.

क्षितिजाचा आकडाही हाताशी असू द्या: किलोमीटरमधलं अंतर म्हणजे ४.१२ गुणिले उंचीचं वर्गमूळ, आणि दोन्ही स्टेशनांची अंतरं मिळवायची. १८ मीटरला १७.५ किलोमीटर, २४ मीटरला २० किलोमीटर. क्षितिज फार पुढे सरकत नाही. जे मिळतं ते मुख्यतः आहे त्या अंतरातला सिग्नल सुधारून.

एचएफवर प्रश्नच वेगळा

एचएफवर (३ ते ३० मेगाहर्ट्झ) केबलचा लॉस इतका कमी असतो की उंचीशी त्याची स्पर्धाच होत नाही. १४ मेगाहर्ट्झवर आरजी-२१३ चे १०० मीटरला सुमारे अडीच डीबी जातात. डायपोल (मधोमध केबल जोडलेली आडवी तार) ६ मीटरवरून ११ मीटरवर नेला तर वाढीव केबल ०.१ डीबीच्या आसपास खाईल, आणि क्षितिजापासून १० अंशांवर, जिथून परदेशी संपर्क येतात, तिथे सुमारे ५ डीबी मिळतील. यात विचार करण्यासारखं काही नाही, वर न्या.

७ मेगाहर्ट्झवर मात्र जास्त उंची नडू शकते. आडव्या डायपोलचा मुख्य झोत उंचीवर अवलंबून असतो: अर्ध्या तरंगलांबीवर तो ३० अंशांकडे झुकतो, पाव तरंगलांबीवर सरळ आकाशाकडे जातो. ७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ४२ मीटर. पुण्याहून कोल्हापूर हवाई अंतराने २०० किलोमीटर, आयनोस्फिअरवरून परतणारी लहर ७० अंशांच्या आसपास वर जाते. डायपोल १० मीटरवर असेल तर त्या कोनाला तो पूर्ण जोरात असतो. २१ मीटरवर नेला तर डोक्यावर खड्डा पडतो आणि कोल्हापूरच त्या खड्ड्यात जातं. पुणे-नागपूर ६२० किलोमीटर, कोन ४० अंशांच्या आसपास, तिथे दोन्ही उंची चालतात. सकाळच्या गप्पा राज्यातल्या राज्यात मारायच्या असतील तर ४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा, डायपोल ८ ते ११ मीटर उंचीवर बांधा आणि निश्चिंत राहा. लांबी १४२.५ भागिले मेगाहर्ट्झ, म्हणजे ७.१ ला २०.०७ मीटर टोकापासून टोकापर्यंत. दोन्ही टोकांना २०-२० सेंटीमीटर जास्त ठेवून सुरुवात करा, मग दुमडत दुमडत सूर लावा.

ऐकण्याच्या बाबतीतही एचएफवर केबलचा लॉस माफ असतो, कारण वातावरणातला आणि शहरातला गोंगाट रिसीव्हरच्या स्वतःच्या गोंगाटाहून कितीतरी मोठा असतो. सिग्नल आणि हा बाहेरचा गोंगाट, दोघांनाही केबल सारखंच कमी करते. व्हीएचएफवर (दोन मीटरसारख्या बँडवर), विशेषतः उपग्रह किंवा एसएसबीवर (सिंगल साइडबँड पद्धतीवर) दूरचं ऐकताना, ही सवलत जाते. पहिल्या ॲम्प्लिफायरच्या आधीचा प्रत्येक डीबी सरळ नॉइज फिगरमध्ये (रिसीव्हर स्वतः किती गोंगाट घालतो त्या मापात) मिळतो. त्यासाठीच प्रीॲम्प्लिफायर अँटेनाशी, मास्टच्या टोकाला लावतात. शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) लावला तर केबलमध्ये गेलेलं तो परत आणू शकत नाही.

केबल विकत घेताना

आधी वाट मोजा. दोरी घेऊन अँटेनाच्या जागेपासून रिगच्या मागच्या सॉकेटपर्यंत प्रत्यक्ष फिरवा. जिन्यातून वळसे घेत येणारी वाट २८ मीटर भरते आणि बाहेरच्या भिंतीवरून खिडकीत उतरणारी १९, हे नेहमीचं दृश्य आहे. नऊ मीटर आरजी-२१३ वाचवणं म्हणजे ०.८ डीबी फुकट मिळवणं. लिफ्टच्या डक्टमधून केबल नेण्याचा मोह होईल, तो आवरा. तिथे दुसऱ्याच्या तारा नेण्याची परवानगी नसते आणि लिफ्टच्या मोटरचा गोंगाटही केबलच्या जाळीवरून (जॅकेटखालच्या विणलेल्या तारांवरून) शॅकमध्ये येतो. मोजलेल्या लांबीत वरचा लूप आणि खालचा थेंबगळ लूप (पाणी गळून पडावं म्हणून दिलेलं पोट) यांसाठी दीड मीटर मिळवा. 'पुढे लागेल' म्हणून दहा मीटर जास्त घेऊन वेटोळं करून ठेवू नका, ते वेटोळंही लॉस खातं.

दुकानात केबलवर 'आरजी-५८' छापलेलं असणं पुरेसं नाही. पाच सेंटीमीटर जॅकेट सोलायला सांगा. जाळीतून आतलं पांढरं डायइलेक्ट्रिक मोकळं दिसत असेल तर ती केबल ठेवून द्या. खऱ्या आरजी-५८ सी ची बाहेरची जाडी ४.९५ मिलिमीटर असते आणि आत ०.१८ मिलिमीटरच्या १९ कल्हई केलेल्या तारा असतात. आरजी-२१३ ची जाडी १०.३ मिलिमीटर, आत ०.७५ मिलिमीटरच्या सात तांब्याच्या तारा. व्हर्नियर खिशात नेलात तर दोन मिनिटांत निकाल लागतो. लोहचुंबकही न्या. आतली तार चुंबकाला चिकटली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी आहे. व्हीएचएफवर तिने फारसं बिघडत नाही, कारण प्रवाह वरच्या मुलाम्यातूनच वाहतो. ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झवर मात्र मुलामा अपुरा पडतो आणि लॉस कोष्टकापेक्षा वाढतो.

इथेच आरजी-६ ची गोष्ट येते. डिश टीव्हीची ही केबल गल्लीतल्या दुकानात मिळते, ७५ ओहमची असते, आणि चांगल्या प्रतीची असेल तर १४५ मेगाहर्ट्झवर तिचा लॉस १०० मीटरला ८ डीबीच्या आसपास असतो. म्हणजे आरजी-२१३ पेक्षाही किंचित कमी. ५० ओहमच्या अँटेनाशी तिचा एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडली याचं माप, १ म्हणजे अचूक) दीड येतो, त्याने होणारा जादा लॉस नगण्य आहे. रिगला मात्र केबलच्या लांबीनुसार ५० ते ११२ ओहम दिसतात. केबल अर्ध्या विद्युत तरंगलांबीच्या पटीत कापली की रिगला पुन्हा ५० ओहम दिसतात. फोमच्या आरजी-६ चा वेग गुणक (केबलमधला लहरीचा वेग भागिले प्रकाशाचा वेग) ०.८३ धरला तर १४५ मेगाहर्ट्झला ही पट ८६ सेंटीमीटरची. २० मीटरच्या वाटेला २४ पटी घ्या, २०.६४ मीटर. अडचण जाळीची आहे: ती ॲल्युमिनियमची असते, सोल्डरचा डाग बसत नाही, दाबून बसवायचे एफ कनेक्टर वापरावे लागतात. ज्याचं बजेट तोकडं आहे आणि ज्याला फक्त दोन मीटर एफएम करायचं आहे, त्याने आरजी-५८ घेण्यापेक्षा ही केबल घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) असेल तर त्याच्याभोवतीच्या लूपसाठी भरीव आतल्या तारेची एलएमआर-४०० वापरू नका. ती पुन्हापुन्हा वाकवली की आतून तुटते. तेवढा दीड-दोन मीटरचा तुकडा आरजी-२१३ चा करा. कोणतीही केबल बसवताना तिच्या जाडीच्या दहापट त्रिज्येपेक्षा कमी वळवू नका, म्हणजे १० मिलिमीटरच्या केबलला १० सेंटीमीटर. कठड्याच्या धारेवर काटकोनात दाबलेली फोमची केबल आतून चेपते, मधली तार सरकते, आणि वर्षभरात एसडब्ल्यूआर कारण नसताना चढू लागतो.

कनेक्टर आणि पावसाळा

'प्रत्येक कनेक्टरला अर्धा डीबी' हा समज सोडून द्या. दोन मीटरवर नीट बसवलेल्या पीएल-२५९ चा (केबलच्या टोकाच्या नेहमीच्या प्लगचा) लॉस ०.१ डीबीहूनही कमी असतो. तो नीट बसत नाही, ही खरी अडचण. आणि तो पाणी अडवत नाही. वरच्या टोकाला एन कनेक्टर वापरता आला तर वापरा, त्यात रबरी वॉशर असतो.

आरजी-२१३ ला पीएल-२५९ बसवताना पहिलं काम म्हणजे बाहेरची फिरती रिंग केबलवर ओवून मागे सरकवणं. डाग दिल्यावर ती आठवली तर सगळं काढून पुन्हा करावं लागतं. मग सुमारे ३० मिलिमीटर जॅकेट काढा, प्लग केबलशेजारी धरून खुणा करा, जाळी १२ मिलिमीटर ठेवून बाकी कापा, आणि ठेवलेल्या जाळीवर आधीच पातळ कल्हई करून घ्या. मधल्या तारेवरचं डायइलेक्ट्रिक कापताना ब्लेड तारेपर्यंत जाऊ देऊ नका, ओरखडा पडलेली तार तिथेच तुटते. प्लग केबलवर आटे घेत फिरवा, जॅकेट आत पकडलं गेलं पाहिजे. बाजूच्या भोकांतून जाळीला डाग द्यायला २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री चालत नाही. ती प्लगचं धड तापवेपर्यंत डायइलेक्ट्रिक वितळून मधली तार कडेला सरकते. १०० वॅटची जाड टोकाची इस्त्री घ्या, चार सेकंदांत डाग बसवा, दूर करा. थंड झाल्यावर मल्टिमीटरने मधली तार आणि धड यांत शॉर्ट नाही ना ते पाहा. नंतर केबल हलवत हलवत पुन्हा पाहा.

वरचा जोड बांधण्याची रीत नीट पाळली तर केबलचं आयुष्य वाढतं. जोड कोरडा करा, हाताने घट्ट करा. पक्कड नको. आधी स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप घ्या, ती लांबीच्या दीडपट ते दुप्पट ताणून निम्म्यावर निम्मं चढवत गुंडाळा. ताणली नाही तर ती एकजीव होत नाही. त्यावर काळी पीव्हीसी टेप, उन्हापासून वाचवायला. शेवटचा थर नेहमी खालून वर गुंडाळायचा, म्हणजे वरचा वेढा खालच्या वेढ्यावर पडतो आणि पाणी मंगलोरी कौलांवरून घरंगळावं तसं बाहेर जातं. वरून खाली गुंडाळलात तर प्रत्येक वेढा पाण्यासाठी खिसा होतो. शेवटच्या टोकाला टेप ताणू नका, सैल सोडा, नाहीतर उन्हात ती मागे सुटते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे लावू नका. त्यातलं आम्ल जाळीचं तांबं हिरवं करतं.

पाणी एकदा शिरलं की ते जाळीच्या बारीक तारांमधून दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं मीटर-मीटर सरकतं. बाहेरून काही दिसत नाही. सोलून पाहिली तर जाळी काळवंडलेली सापडते. टोकाचा अर्धा मीटर कापून नवा कनेक्टर लावणं पुष्कळदा पुरत नाही. चकाकती जाळी दिसेपर्यंत कापत जावं लागतं, आणि आठ-दहा मीटर गेले तरी ती दिसली नाही तर केबल बदलावी. खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली पोट द्या, म्हणजे पाणी तिथेच गळून पडेल.

मास्ट, वारा, वीज

उंचीचा खरा खर्च डीबीत नसतो, वाऱ्यात असतो. आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात मूळ वाऱ्याचा वेग पुण्यासाठी सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबई व नागपूरसाठी ४४ मीटर धरला आहे. दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे मुंबईत चौरस मीटरला सुमारे ११६० न्यूटन. ४० मिलिमीटर बोअरचा जीआय पाइप बाहेरून ४८.३ मिलिमीटर असतो. असा सहा मीटरचा उघडा पाइपही त्या वाऱ्यात सुमारे ४० किलोचा धक्का खातो, अँटेना अजून धरलेलाच नाही. म्हणून तीन मीटरपर्यंतचा पाइप कठड्याच्या दोन मजबूत क्लॅम्पवर चालतो, त्यापुढे ताणाच्या तारा हव्यात. तीन दिशांना १२० अंशांवर, सहा मीटरला एका पातळीवर, नऊ मीटरला दोन पातळ्यांवर. खुंटे मास्टपासून उंचीच्या किमान ६० टक्के अंतरावर. गच्चीच्या स्लॅबमध्ये ड्रिल करू नका. वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या घरात ओल येते आणि सोसायटीची परवानगी त्याच दिवशी जाते. खुंटे कठड्याच्या कॉलमला किंवा बीमला बांधा. परवानगी आधी लेखी घ्या, विमानतळ जवळ असेल तर उंचीचे निर्बंध तपासा. आणि मास्ट कोणत्याही बाजूला पडला तरी विजेच्या तारेपर्यंत पोचणार नाही एवढी जागा सोडा. अँटेना उभा करताना तारेला लागल्याने माणसं दगावली आहेत. या अंतरात तडजोड नको, मग कितीही डीबी सोडावे लागोत.

केबल दर मीटरला मास्टला बांधा. १०० मीटर आरजी-२१३ चं वजन १५ किलोच्या आसपास भरतं. बांधली नाही तर ते सगळं वजन वरच्या कनेक्टरच्या डागावर लोंबतं.

मास्टला २५ बाय ३ मिलिमीटरची तांब्याची पट्टी लावून सरळ खाली अर्थिंगपर्यंत न्या, वाटेत तीक्ष्ण कोन नको. वीज काटकोनात वळत नाही, उडी मारते. केबल घरात शिरते तिथे गॅस ट्यूबचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत वळवणारा) बसवा आणि त्याची जमीन त्याच पट्टीला जोडा. मास्टचं अर्थिंग आणि घराचं विद्युत अर्थिंग एकमेकांना जाड तांब्याने जोडलेलं हवं. दोन वेगळी ठेवली तर वीज पडल्यावर त्यांच्यातला फरक तुमच्या रिगमधून भागवला जातो. वळवाच्या ढगांचा पहिला गडगडाट ऐकला की केबल रिगपासून काढून बाहेर ठेवा. अरेस्टर थेट पडलेल्या विजेला पुरा पडत नाही.

मोजणी, आणि खोटं बोलणारा मीटर

शॅकमधला एसडब्ल्यूआर मीटर कमी आकडा दाखवतो म्हणून सगळं ठीक आहे, हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. ३० मीटर आरजी-५८ घ्या, दूरचं टोक मोकळं सोडा, काहीही जोडू नका, आणि १४५ मेगाहर्ट्झवर मोजा. मीटर १.६७ दाखवेल. अँटेनाच नाही, तरी एसडब्ल्यूआर पावणेदोनच्या आत! पुढे जाताना ६ डीबी गेले, परतताना पुन्हा ६, परत आलं ते इतकं थोडं की मीटरला सगळं छान वाटतं. त्याच न्यायाने ३ डीबी लॉसच्या केबलवर अँटेनाचा एसडब्ल्यूआर ३ असेल तर शॅकमध्ये १.६७ दिसतो, आणि एकूण लॉस ३ ऐवजी ४ डीबी होतो. केबल पावसाने जितकी खराब होत जाईल तितका मीटर तुम्हाला जास्त सुखद आकडा दाखवेल. एसडब्ल्यूआर कारण नसताना सुधारला तर खूश होऊ नका, गच्चीवर जा.

हीच गोष्ट उलटी वापरून केबलचा लॉस मोजता येतो. नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजणारं छोटं यंत्र) ओपन, शॉर्ट आणि लोडने कॅलिब्रेट करा. केबलचं वरचं टोक अँटेनापासून सोडवून मोकळं ठेवा. खालून रिटर्न लॉस (परत आलेला सिग्नल किती डीबीने कमी आहे ते) वाचा, त्याचा निम्मा म्हणजे केबलचा एका बाजूचा लॉस. २० मीटर आरजी-२१३ ला १४५ मेगाहर्ट्झवर ३.६ च्या आसपास यायला हवा. वरचं टोक शॉर्ट करून पुन्हा वाचा आणि दोन्हींची सरासरी घ्या, कमी लॉसच्या केबलवर एकच मोजणी लाटा खाते. रिटर्न लॉस ६ डीबी आला तर केबल ३ डीबी खाते आहे, म्हणजे ती आरजी-२१३ राहिलेली नाही. पाणी कुठे शिरलं ते पाहायला यंत्राची टीडीआर सोय वापरा, वेग गुणक ०.६६ भरा. उसळी जितक्या मीटरवर दिसेल तिथे बोटाने चाचपून पाहा. बहुधा चावलेलं, चेपलेलं किंवा टेप सुटलेलं काहीतरी सापडतं. खारी आणि माकडं दोघंही केबलला सोडत नाहीत.

नवी केबल बसवली त्याच दिवशी हा आकडा, तारीख आणि वारंवारता एका कागदावर लिहून रिगच्या मागे चिकटवा. पुढची मोजणी मेअखेर, पाऊस सुरू व्हायच्या आधी, म्हणजे टेप बदलायला वेळ मिळतो. मग परतीचा पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात पुन्हा. एका बाजूचा लॉस पहिल्या आकड्यापेक्षा अर्ध्या डीबीने वाढलेला दिसला तर वरचा जोड उघडा आणि जाळीचा रंग पाहा.